20 एप्रिल : आपल्या दिनविशेषातील न लिहिलेली ओळ

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला फळ्याचा वरचा कोपरा आठवत असेल. तेथे वार, तिथी आणि शके लिहिलेले असे. त्याखाली सुविचार आणि सर्वांत शेवटी 'दिनविशेष'. कोणा थोर पुरुषाची जयंती, कोणाची पुण्यतिथी, कोठे लागलेला एखादा शोध, कधी एखादी लढाई. मुले ती ओळ वहीत उतरवून घेत आणि दुसऱ्या दिवशी फळा पुसला जाई. आपल्या पूर्वजांनी पैनगंगा ओलांडून या मुलखात घरे बांधली, तेव्हा पंचांगाबरोबर ही सवयही त्यांनी सोबत आणली. आजही आपल्यापैकी अनेकांच्या घरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे पान उलटताना त्या दिवसाचा विशेष मोठ्याने वाचला जातो.

20 एप्रिलचा दिनविशेष काढून पाहिला तर काय सापडते? 1889 साली हिटलरचा जन्म. 1902 साली क्यूरी दांपत्याने रेडियम वेगळे केले. 1960 साली बासरीवादक पन्नालाल घोष यांचे निधन. 2010 साली मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरीचा स्फोट झाला, हेही अलीकडच्या याद्यांतून आढळते. जर्मनीपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंतचा दिवस आपल्याला ठाऊक आहे. परंतु गुडीहतनूरहून उटनूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ज्या गावाच्या बाजारात आपण पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी, कापूस आणि मोहफुले यांचे व्यवहार केले, त्या इंद्रवेल्लीत 1981 साली याच तारखेला काय घडले, याची ओळ आपल्या दिनविशेषात सहसा नसते.

ही ओळ राहिली कशी, याचा विचार करण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. घटनेची हकीकत नवी नाही. तिच्यावर तेलुगूत पुष्कळ लिहिले गेले आहे, गाणी रचली गेली आहेत. आमचा प्रश्न आपल्यापुरता आहे. या घटनेचे मूळ जमिनीत होते आणि त्या जमिनीच्या कहाणीत आपण, जुनी मराठी कुटुंबे, नुसते प्रेक्षक नव्हतो.

प्रथम घटना सांगावयास हवी. 1981 सालच्या एप्रिलमध्ये 'गिरिजन रैतु कुली संघम' या संघटनेने इंद्रवेल्लीत आदिवासी शेतकऱ्यांचा मेळावा बोलावला होता. ही संघटना भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या मार्क्सवादी-लेनिनवादी पीपल्स वॉर गटाच्या प्रभावाखाली होती. मागण्या मात्र गावोगावच्या शेतकऱ्यांच्या ओठांवरच्याच होत्या. कसत असलेल्या जंगलजमिनीचे पट्टे मिळावेत, बिगर-आदिवासींनी बळकावलेल्या जमिनी परत मिळाव्यात, सावकारीला आळा बसावा आणि शेतमालाला योग्य भाव मिळावा, अशा त्या मागण्या होत्या. मेळाव्याला आधी दिलेली परवानगी ऐन वेळी काढून घेण्यात आली आणि 144 कलमाखाली जमावबंदी लागू झाली. त्या वेळी आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री टी. अंजय्या होते.

20 एप्रिलला सोमवार होता आणि इंद्रवेल्लीचा आठवडी बाजारही त्याच दिवशी होता. आदल्या दिवशी, रविवारी, हनुमान जयंती होऊन गेली होती. ती तिथी चैत्र वद्य प्रतिपदा, शके 1903. आसपासच्या डोंगरांतील गुड्यांमधून गोंड, कोलाम आणि परधान मंडळी पहाटेपासून निघाली होती. कोणी मेळाव्यासाठी, कोणी मीठ-मिरचीसाठी आणि बहुतेक जण दोन्हींसाठी. वाटेत पोलिसांनी अडवाअडवी केली. गावाजवळ येणाऱ्या मिरवणुका रोखल्या गेल्या. बाचाबाची, लाठीमार, अश्रुधूर आणि त्यानंतर गोळीबार, असा क्रम सांगितला जातो. या झटापटीत एक पोलीस शिपाईही मारला गेला. पहिला हात कोणी उगारला, यावर दोन्ही बाजूंच्या हकीकती परस्परांशी जुळत नाहीत. गोळीबार निःसंशय झाला. पळणाऱ्यांना पुढे मोकळे रान होते आणि मागे बंदुका.

येथे एका बारीक गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. जमावबंदीचा हुकूम तारखेचा असतो. तो कचेरीत निघतो, कागदावर लिहिला जातो आणि 'अमुक तारखेस' लागू होतो. डोंगरातला माणूस मात्र त्या काळी तारखेवर चालत नव्हता. तो वार ओळखत होता. सोमवार म्हणजे इंद्रवेल्लीचा बाजार. ज्याला हुकूम वाचता येत नव्हता आणि ज्याच्या गुड्यापर्यंत तो पोहोचलाही नव्हता, तो नेहमीच्या वारी नेहमीच्या वाटेने आला. एकाच दिवसाची दोन नावे होती. एका नावाने तो बाजाराचा दिवस होता, दुसऱ्या नावाने गुन्ह्याचा. दिनविशेष लिहिताना आपण तारीख तेवढी लिहितो. इंद्रवेल्लीच्या बाबतीत वार लिहिल्याशिवाय तारखेचा अर्थ लागत नाही.

मृतांचा सरकारी आकडा 13 आहे. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी तो 60 च्या घरात असल्याचे म्हटले. आदिवासींच्या सांगण्यात तो शंभराच्या पुढे जातो. जखमी अवस्थेत रानात शिरलेल्यांची मोजदाद कोणी करायची होती? ज्यांची नावे पहाणीत नाहीत, पट्ट्यावर नाहीत, त्यांची नावे मृतांच्या यादीतही सहज राहून जातात. 1919 च्या 13 एप्रिलला अमृतसरच्या जालियनवाला बागेत जे झाले, त्याचाही सरकारी आकडा 379 आणि लोकांचा आकडा त्याच्या कितीतरी पुढे. तोही सणाचा दिवस होता, बाहेरगावचे लोक शहरात आलेले होते आणि बंदीचा हुकूम अनेकांना ठाऊक नव्हता. इंद्रवेल्लीला तेलंगणाची जालियनवाला बाग म्हणण्याची प्रथा पडली, ती केवळ आलंकारिक नाही.

पुढे 1983 साली संघटनेने इंद्रवेल्लीत एक लाल स्मारकस्तंभ उभारला. 1986 साली तो उद्ध्वस्त करण्यात आला. पुढल्याच वर्षी तो सरकारच्याच आदिवासी विकास यंत्रणेच्या पैशातून पुन्हा उभा राहिला. एका स्तंभाने चार वर्षांत उभारणी, पाडाव आणि पुन्हा उभारणी पाहिली, यावरून त्या दिवसाची आठवण किती अवघड होती हे कळावे. त्यानंतरही अनेक वर्षे 20 एप्रिल उजाडला की तेथे जमावबंदी लागे आणि मृतांच्या नातलगांनाही स्तंभापाशी फूल वाहण्याची मोकळीक नसे. 2014 साली तेलंगण राज्य झाल्यावर हा आवळ हळूहळू सैल झाला. 2 फेब्रुवारी 2024 रोजी मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी इंद्रवेल्लीत येऊन मृतांना अभिवादन केले आणि स्मृतिवनाची पायाभरणी केली. ज्या आठवणीला सरकार इतकी वर्षे भीत होते, तिला सरकारनेच मान दिला. आता आपण तिला काय देणार, हा प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. हा मुलूख गोंडांचा. चांद्याच्या गोंड राजांची सत्ता येथवर पोहोचलेली होती आणि 1751 साली चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले. पुढे हा भाग निजामाच्या राज्यात आला आणि आपल्या जुन्या लोकांच्या तोंडचे 'एदलाबाद' हे त्या राज्यातील एका जिल्ह्याचे ठाणे बनले. सत्ता बदलली तरी डोंगरातल्या गोंडाचे आणि कोलामाचे दैनंदिन जीवन फारसे बदलले नाही. जमीन विपुल होती. एक रान थकले की तो दुसरे कसायला घेई. कागदाची गरज नव्हती, कारण जमिनीवर हक्क सांगायला दुसरा कोणी येत नव्हता. विसाव्या शतकात राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या, तेव्हा हे सारे एकदम उलटले. पडीक ठेवलेली जमीन जंगलखात्याची ठरली आणि काल मालक असलेला माणूस आज अतिक्रमण करणारा झाला.

जंगल कायद्याविरुद्धचा लढा आपल्याला परका नाही. पैनगंगेच्या पलीकडे पुसद येथे 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला. वऱ्हाडाशी नाते सांगणारी आपली घरे हा दिवस अभिमानाने सांगतात आणि तो दिनविशेषातही सापडतो. त्यानंतर दहा वर्षांनी, नदीच्या या बाजूला, त्याच प्रश्नावर कुमरम भीम उभा राहिला. जंगलखात्याने त्याच्या लोकांची घरे जाळली, तेव्हा त्याने अर्ज-विनंत्या केल्या. त्या वाया गेल्यावर तो डोंगरातून हटला नाही. 1940 साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात तो आणि त्याचे काही सोबती मारले गेले. पुसदचे गवत आणि जोडेघाटचे रान यांत प्रश्नाच्या दृष्टीने फरक नाही. पुसदचा दिवस आपल्या यादीत आहे आणि जोडेघाटचा नव्हता, एवढाच फरक आहे.

जोडेघाटच्या दिवसाची आणखी एक गंमत सांगावीशी वाटते. ज्या दिवशी भीम पडला त्याच्या इंग्रजी तारखेविषयी लिहिणाऱ्यांत एकमत नाही. गोंडांना मात्र ती अडचण कधी आली नाही. ते त्याचा स्मृतिदिन आश्विन पौर्णिमेला पाळतात. म्हणजे ज्या रात्री आपण गच्चीवर दूध आटवून कोजागरी साजरी करतो, त्याच चांदण्यात जोडेघाटला भीमाचे स्मरण होते. पंचांग एकच, पौर्णिमा एकच. केसलापूरची नागोबाची जत्राही अशीच पौष अमावस्येची. मेस्राम कुळाचे लोक पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात आणि त्या रात्री देवाची पूजा होते. केसलापूर हे इंद्रवेल्ली मंडलातच आहे आणि त्या जत्रेत आपण सर्वच हौसेने जातो. म्हणजे गोंडांच्या वर्षातील आनंदाचा दिवस आपण जाणतो. दुःखाचा दिवस तेवढा आपल्याला माहीत नाही.

जोडेघाटच्या प्रकारानंतर निजाम सरकारला जाग आली आणि क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेन्डॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ या भागात आले. पत्नी बेटी हिच्यासह ते मारलवाई या गोंड गावात राहिले. 1943 साली तेथे गोंडांसाठी शाळा आणि शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, गोंडी भाषेतील ती पहिली क्रमिक पुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली. कारण अक्षरओळख असलेले जे थोडे गोंड तेव्हा सापडले, त्यांची ओळख मराठीतून झालेली होती. परधानांच्या घरात तर मराठीच बोलली जाई. बाजाराची भाषाही मराठीच होती. आपल्या लिपीने एका जमातीला अक्षर दिले, ही अभिमानाची गोष्ट आहे. तिची दुसरी बाजू अशी की, कर्जाचा हिशेबही त्याच बाजारात, त्याच बोलीत झाला. जो शब्द गोंडाला समजत होता, त्याच शब्दाने त्याची जमीनही गेली.

हायमेन्डॉर्फ यांच्या प्रयत्नांनी 1940 च्या दशकात सुमारे 1 लाख 60 हजार एकर जमिनीचे पट्टे आदिवासींच्या नावे झाले. निजाम सरकारने 1946 साली आणि पुन्हा 1949 साली आदिवासी क्षेत्रांसाठी नियम केले. बाहेरच्यांना जमीन जाऊ नये, हा त्यांचा हेतू होता. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर आणि 1956 साली भाषावार प्रांतरचना झाल्यावर हा सारा बंदोबस्त ढिला पडला. त्याच वेळी किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादमधून काढून मराठी मुलखाला जोडले गेले. आपण इकडे राहिलो. आंध्र प्रदेशाचा 1959 चा जमीन-हस्तांतरण नियम तेलंगणाला लागू झाला तो 1963 साली. 1970 साली त्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर-आदिवासीच्या नावे करणे पूर्णपणे निषिद्ध ठरले. एवढेच नव्हे, तर बिगर-आदिवासीच्या ताब्यातील जमीन मुळात आदिवासीचीच होती, असे गृहीत धरून उलट सिद्ध करण्याचा भार ताबेदारावर टाकण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली ही दुरुस्ती वैध ठरवली.

कायदे असे एकामागून एक होत होते आणि जमीन हातातून निसटत होती. ती कशी निसटली, हे सांगण्यासाठी आम्हाला दुसऱ्याच्या पुस्तकाची फारशी गरज नाही. आपल्यातले वयस्क ते जाणतात. पेरणीच्या वेळी बी आणि धान्य उधार दिले जाई. पीक उभे असतानाच त्याचा भाव ठरे. आजारपण, लग्न किंवा मयत यासाठी घेतलेले पैसे व्याजासह दोन-तीन हंगामांत इतके वाढत की जमीन 'वाहण्यापुरती' देणे एवढाच मार्ग उरे. 'वाहण्यापुरती' दिलेली जमीन परत आली, अशी उदाहरणे थोडी. साध्या कागदावर बैनामा होई आणि त्यावर अंगठा उमटे. कायदा आडवा आला तर पट्टा आदिवासीच्याच नावावर राही, नांगर दुसऱ्याचा चाले. रस्ते झाले, कापसाला भाव आला, बाजाराची गावे वाढली आणि डोंगराच्या पायथ्याची काळी जमीन एकेका हंगामाने आपल्याकडे सरकली.

'आपल्याकडे' असे म्हणताना आम्ही सर्वांना एका पंक्तीस बसवीत नाही. या मुलखात आलेले मराठी लोक एका जातीचे वा एका ऐपतीचे नव्हते. काही घरे देशमुखी-पटवारकीच्या वतनावर आधीपासून होती. काही व्यापारासाठी आली. फार मोठा भाग मराठवाड्यातून आणि विदर्भातून दुष्काळ, कर्ज वा जमिनीची टंचाई यांनी हुसकला गेलेला होता. त्यात कुणबी होते, हटकर होते, माळी होते, दलित होते. खांद्यावर घोंगडी आणि गाडीत दोन भांडी घेऊन आलेल्या माणसाने पाच एकर मोकळे रान पाहिले, ते कोणाचे आहे हे विचारण्याचे त्राण त्याच्यात नव्हते. अशा कुटुंबांवर 1970 चा नियम कुऱ्हाडीसारखा पडला. पैसे देऊन घेतलेली, स्वतः दगड वेचून नीट केलेली जमीन बेकायदा ठरली. त्यांचे दुःख खोटे नव्हते आणि आम्ही ते विसरायला सांगत नाही.

शिवाय हा प्रश्न केवळ मराठी-गोंड असा कधीच नव्हता. 1976 च्या कायद्याने, जो 1977 पासून अमलात आला, तेलंगणातील लंबाडे अनुसूचित जमातींच्या यादीत आले. महाराष्ट्रात तीच बंजारा जमात त्या यादीत नाही. सीमेच्या एका बाजूस एक दर्जा आणि दुसऱ्या बाजूस दुसरा, अशी स्थिती झाल्यावर माणसे सीमा ओलांडणारच. जमिनीवरचा आणि सवलतींवरचा ताण त्यामुळे वाढला. त्याची धग 2017 च्या डिसेंबरात आदिलाबादने पुन्हा अनुभवली. 1981 चा सोमवार उगवला तो या सगळ्या ओझ्यासह. जंगलखाते, सावकार, व्यापारी, नवे वस्तीकर आणि बदलत्या याद्या, या सर्वांच्या मध्ये गोंड आणि कोलाम उभे होते.

त्या दिवसाविषयी आमच्या घरांतून आम्ही काय ऐकले? आम्ही ऐकले ते भीतीचे. दुकाने कशी पटापट बंद झाली, त्या रात्री दिवे कसे लवकर मालवले गेले, रानातले लोक चालून येतील अशी आवई कशी उठली. कोणी चालून आले नाही. मरण आले ते त्यांच्याकडे. तरीही आमच्या स्मरणात आमची भीती राहिली, त्यांचे मरण राहिले नाही. पुढे घरात 'गोळीबाराच्या साली' असा शब्दप्रयोग रूढ झाला, पण तो एखाद्या मुलाचा जन्म किंवा विहिरीचे काम सांगण्यापुरता. गोळीबार कोणावर झाला, हे त्या शब्दप्रयोगात येत नसे. दिनविशेषातील ओळ राहून गेली ती अशी. ती कोणी खोडली नाही. ती लिहावी असे कोणाला वाटलेच नाही.

याच तारखेची दुसरी एक कहाणी या दृष्टीने बोधप्रद आहे. 20 एप्रिल 1914. त्या दिवशीही सोमवार होता. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात लडलो येथे कोळसाखाणीतले मजूर सप्टेंबर 1913 पासून संपावर होते. कंपनीने त्यांना चाळींतून बाहेर काढले म्हणून सुमारे 1200 माणसे तंबूंत हिवाळा काढत होती. त्यांत ग्रीक होते, इटालियन होते, निरनिराळ्या देशांतून पोटासाठी आलेले लोक होते. आदल्या दिवशी ग्रीकांचा ईस्टर साजरा झाला होता. सकाळी राज्याच्या सशस्त्र दलाने तंबूंवर गोळीबार केला आणि संध्याकाळी तंबू पेटले. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या 2 स्त्रिया आणि 11 मुले गुदमरून मेली. खाणकामगारांच्या संघटनेने 1918 साली तेथे दगडी स्मारक उभारले. 2003 साली कोणी तरी त्यावरील पुतळ्यांची शिरे फोडून नेली आणि 2005 साली ते दुरुस्त होऊन पुन्हा उभे राहिले. 2009 साली त्या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

दोन्हीकडे सोमवार, दोन्हीकडे सणाचा दुसरा दिवस आणि दोन्हीकडे पाडून पुन्हा उभे केलेले स्मारक, एवढ्या साम्याने चकित व्हावे असे आम्ही म्हणत नाही. वर्षाचे दिवस 365 आणि माणसाचे अन्याय अगणित. कोणत्याही तारखेखाली खणले तरी असे काही लागेल. लक्षात घेण्याजोगा आहे तो फरक. लडलोला जे मेले ते परमुलखातून आलेले होते. इंद्रवेल्लीला जे मेले ते मूळचे होते आणि परमुलखातून आलेले आपण होतो. स्थलांतरितांच्या कष्टाची गोष्ट आपण आपल्या पूर्वजांविषयी सांगतो, तेव्हा ती लडलोसारखी सांगतो. उपाशी आलो, घाम गाळला, वस्ती वसवली. ती खरी आहे. परंतु इंद्रवेल्लीची गोष्टही त्याच वस्तीची आहे, आणि ती सांगितल्याविना पहिली पूर्ण होत नाही.

मग काय करावे? जमिनीच्या वादांचा निवाडा करणे हे साहित्य मंडळाचे काम नाही. त्यासाठी न्यायालये आहेत, कायदे आहेत. आपल्या हाती आहेत ते कागद. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या पेटीत पावत्या, बैनामे, पहाणीच्या नकला आणि उधारीच्या वह्या आहेत. त्यांतल्या कित्येकांवर फसली सन आहे. त्यात 590 मिळवले की सुमारे इसवी सन निघतो. 1356 फसली म्हणजे 1946. त्या कागदांवर आपल्या आजोबांची सही आहे आणि समोर एका अंगठ्याचा ठसा आहे. त्या अंगठ्याखाली बहुधा नावही आहे आणि गुड्याचेही नाव आहे. ही नावे दुसरीकडे कोठे सापडतीलच असे नाही. या कागदांची मूळ प्रत ज्याची त्याने ठेवावी, पण नक्कल मंडळाकडे द्यावी, अशी आमची विनंती आहे. आपल्या कुटुंबाचा इतिहास लिहायचा तर तो या ठशांसह लिहावा लागेल. कोणावर ठपका ठेवण्यासाठी हे सुचवीत नाही. ज्यांच्या शेजारी आपण इतकी वर्षे राहिलो, त्यांची नावे निदान आपल्या दप्तरात असावीत.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी आहे. आदिलाबाद आता पूर्वीएवढा राहिला नाही. 11 ऑक्टोबर 2016 रोजी त्याचे चार जिल्हे झाले आणि त्यातल्या एकाला कुमरम भीमाचे नाव मिळाले. त्या नावाच्या पाट्या वाचत मोठी होणारी आपली मुले उद्या विचारतील की हा कोण, आणि इंद्रवेल्लीचा तो लाल खांब कशाचा. त्या वेळी उत्तर देण्यासाठी आपल्याला तेलुगू पुस्तक शोधावे लागू नये. मंडळाच्या वार्षिक दिनदर्शिकेत 10 जुलैचे पुसद आहेच. तेथे आश्विन पौर्णिमेला कोजागरीशेजारी जोडेघाट यावे आणि 20 एप्रिलला पुढील ओळ यावी. शब्द कमी-अधिक करण्यास आमची हरकत नाही. फक्त वार आणि दोन्ही आकडे गाळू नयेत.

'20 एप्रिल 1981, सोमवार, चैत्र वद्य 1, शके 1903. इंद्रवेल्ली येथे बाजाराच्या दिवशी आपल्या जमिनीचा हक्क मागण्यास आलेल्या गोंड, कोलाम व अन्य आदिवासींवर पोलिसांचा गोळीबार. सरकारी गणनेप्रमाणे 13 मृत्यू. आदिवासींच्या सांगण्याप्रमाणे 100 हून अधिक.'